पान आहे, पण सापडत नाही: गूगलला आपल्या वेबसाइटची वाट कशी दाखवावी

जबलपूरच्या घमापुरातून मी पुन्हा तुमच्यासमोर आलो आहे. मागच्या भागात आपण स्वतःची छोटी वेबसाइट कशी उभी करायची ते पाहिलं. त्यानंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला, "साहेब, साइट तर झाली, पण गूगलवर शोधलं तर येतच नाही. काय चुकलं?" आजचा भाग त्याच प्रश्नाचं उत्तर आहे. उत्तर मी पुस्तकातून काढलेलं नाही. हीच चूक मी स्वतः केली होती आणि तिची किंमत दुसऱ्या कुणीतरी मोजली, म्हणून आधी ती हकीकत सांगतो.

मी सिग्नल्सचा माणूस. निवृत्तीनंतर जबलपूरलाच राहिलो, कारण आमचं ट्रेनिंग सेंटर इथलंच आणि अर्धी नोकरी या गावाभोवती गेली. मराठी जवानांच्या घरच्यांना पेन्शनच्या कागदांचा फार त्रास होतो, हे मी पाहत आलो आहे. 'स्पर्श' ही संगणकीय व्यवस्था आल्यापासून कामं सोपी झाली, पण ज्यांना मोबाइल नीट चालवता येत नाही त्यांची धांदल वाढली. म्हणून मी एक छोटी साइट केली. कौटुंबिक पेन्शन म्हणजे काय, पीपीओ कुठे बघायचा, नोव्हेंबरात जीवन प्रमाण कसं द्यायचं, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात कोणते कागद न्यायचे, अशी सगळी माहिती साध्या मराठीत लिहिली. एकूण 22 पानं झाली. फेब्रुवारीत साइट सुरू केली आणि मी निर्धास्त झालो.

डिसेंबरात सातारा जिल्ह्यातून एका ताईंचा फोन आला. यजमान नाईक होते, वारले. जीवन प्रमाण वेळेत गेलं नाही म्हणून त्यांची पेन्शन थांबली होती. एका एजंटाने फॉर्म भरायचे तीन हजार घेतले आणि कामही केलं नाही. माझा नंबर त्यांना एका जुन्या सुभेदार साहेबांकडून मिळाला होता. मी म्हटलं, "ताई, हे सगळं मी साइटवर फुकट लिहून ठेवलंय की." त्या म्हणाल्या, "साहेब, मी मोबाइलवर मराठीत विचारलं होतं. तुमचं काहीच आलं नाही."

मी लगेच गूगल उघडलं. माझ्याच पानाचं शीर्षक जसंच्या तसं टाकलं, तरी काही नाही. म्हणजे दहा महिने ती 22 पानं माझ्याशिवाय कुणीच पाहिली नव्हती.

आधी समजून घेऊ: गूगल शोधतं कसं

आपल्याला वाटतं की आपण शब्द टाकला की गूगल त्या क्षणी जगभरच्या साइटी चाळतं. तसं होत नाही. तीन वेगवेगळी कामं आधी होऊन गेलेली असतात.

पहिलं काम शोध लागणं. अमुक पत्त्यावर पान आहे, एवढंच आधी कळतं. दुसरं काम फेरी मारणं. गूगलबॉट नावाचा प्रोग्राम त्या पत्त्यावर येतो आणि पान वाचून नेतो. याला क्रॉल करणं म्हणतात. तिसरं काम नोंद करणं. वाचलेलं पान ठेवण्यासारखं आहे असं वाटलं तर ते सूचीत, म्हणजे इंडेक्समध्ये जातं. आपण शब्द टाकतो तेव्हा ही सूची चाळली जाते. सूचीत नाव नसेल तर पान कितीही चांगलं असो, दिसणार नाही.

आमच्या घमापुरात नवा पोस्टमन आला की काय होतं ते बघा. चौकातून शीतलामाईकडे, कांचघरकडे, लालमाटीकडे रस्ते फुटतात आणि त्यांच्या आत गल्ल्या. रस्त्यावरची घरं त्याला पहिल्याच दिवशी कळतात. गल्लीतलं घर कुणी दाखवलं तर कळतं. आणि ज्या घराकडे जायला वाटच नाही, ते घर त्याच्यासाठी नाहीच. बॉटचंही तसंच आहे. तो एका पानावरच्या लिंका धरून दुसऱ्या पानावर जातो, तिथून तिसऱ्या. जिथे लिंक संपली, तिथे त्याची वाट संपली.

म्हणून साइट सापडत नसेल तर तीन प्रश्न क्रमाने विचारायचे. त्याला पत्ता कळला का? तो आत येऊ शकला का? आत येऊन त्याला ठेवण्यासारखं काही मिळालं का? फौजेत लाइन तुटली की आम्ही एका टोकापासून तपासत जायचो, मधूनच खोदायला सुरुवात करायचो नाही. इथेही तसंच करा.

माझी चूक: गेट मीच बंद केलं होतं

पुण्याला माझी भाची असते, तिचं कामच हे आहे. तिने दहा मिनिटांत चूक काढली. म्हणाली, "मामा, तुम्ही गेटला कुलूप लावून पाहुण्यांची वाट बघताय."

माझी साइट वर्डप्रेसवर आहे. त्यात सेटिंग्जमध्ये 'रीडिंग' नावाचं पान असतं. तिथे एक चौकोन असतो, सर्च इंजिनांनी ही साइट सूचीत घेऊ नये असं सांगणारा. साइट अर्धवट असताना मी तिथे टिक केली होती, की कच्चं काम लोकांना दिसू नये. काम पूर्ण झालं, टिक तशीच राहिली. त्या टिकमुळे प्रत्येक पानाच्या पोटात 'नोइंडेक्स' अशी खूण जाते. वाचणाऱ्या माणसाला ती दिसत नाही, बॉटला दिसते. तो ती बघतो आणि पान सूचीत घेत नाही. तो आपला हुकूम पाळत होता, हुकूमच चुकीचा होता.

तेव्हा तुमचं पहिलं काम हेच. वर्डप्रेस असेल तर ती टिक बघा. दुसऱ्या कुणाकडून साइट करून घेतली असेल तर त्याला सरळ विचारा, "नोइंडेक्स काढलंय का?"

रोबोट्सची फाइल: पाटी आहे, पहारेकरी नाही

दुसरी जागा म्हणजे 'रोबोट्स डॉट टीएक्सटी' नावाची फाइल. साइटच्या मूळ पत्त्यापुढे तिरपी रेघ देऊन हे नाव टाकलं की ती कुणालाही दिसते. बॉटने कुठे जावं आणि कुठे जाऊ नये, हे त्यात लिहिलेलं असतं. ही पद्धत मार्टिन कोस्टर यांनी 1994 साली सुचवली. अठ्ठावीस वर्षं ती केवळ रिवाजावर चालली आणि 2022 साली तिला अधिकृत इंटरनेट मानकाचं रूप मिळालं.

यात दोन गैरसमज फार आहेत.

पहिला, या फाइलने पान लपतं. लपत नाही. ही गेटवरची पाटी आहे, संत्री नाही. भले बॉट पाटी पाळतात, वाईट बॉट पाळत नाहीत. उलट 'या फोल्डरमध्ये जाऊ नका' असं लिहून तुम्ही सगळ्या जगाला फोल्डरचं नाव सांगता. आमच्या एका साथीदाराने माजी सैनिकांचे फोन नंबर आणि पत्ते असलेली यादी साइटवर ठेवून 'रोबोट्समध्ये बंद केलीय' असं मला सांगितलं. मी ती त्याच दिवशी उतरवायला लावली. जे लोकांनी पाहू नये ते साइटवर ठेवूच नका, ठेवायचंच तर पासवर्डच्या आत ठेवा.

दुसरा गैरसमज, रोबोट्सची मनाई आणि नोइंडेक्स एकच आहेत. नाहीत. रोबोट्स म्हणतं 'आत येऊ नका'. नोइंडेक्स म्हणतं 'आत येऊन बघा, पण नोंद करू नका'. दोन्ही एकाच पानाला लावले तर बॉट आत येणारच नाही आणि नोइंडेक्सची खूण त्याला कधी दिसणारच नाही. मग दुसऱ्या कुणी त्या पानाची लिंक दिली असेल तर नुसता पत्ता सूचीत येऊ शकतो. पान सूचीतून काढायचं असेल तर दार उघडं ठेवून नोइंडेक्स लावा.

साइटमॅप: युनिटचा नॉमिनल रोल

आता पत्ता कळवायचं काम. यासाठी साइटमॅप असतो. फौजेतल्यांना सांगायचं तर हा युनिटचा नॉमिनल रोल. साइटवर कोणकोणती पानं आहेत आणि कोणतं कधी बदललं, त्यांची यादी. गूगलने ही पद्धत 2005 साली आणली आणि 2006 मध्ये याहू आणि मायक्रोसॉफ्टनेही ती मान्य केली. एका फाइलमध्ये 50,000 पत्ते किंवा 50 एमबी, यांतलं जे आधी होईल ती मर्यादा. तुमच्याआमच्या साइटला ती कधी आड येणार नाही.

ही यादी हाताने करायची गरज सहसा पडत नाही. वर्डप्रेसमध्ये 2020 च्या 5.5 आवृत्तीपासून ती आपोआप बनते, 'डब्ल्यूपी-साइटमॅप डॉट एक्सएमएल' या नावाने. हा पत्ता गूगलच्या 'सर्च कन्सोल'मध्ये जाऊन द्यायचा. सर्च कन्सोल फुकट आहे. साइट तुमचीच आहे हे आधी सिद्ध करावं लागतं, त्यासाठी ते एक छोटी खूण साइटवर ठेवायला सांगतात. साइटमॅपचा पत्ता रोबोट्सच्या फाइलमध्येही एका ओळीत लिहिता येतो, म्हणजे येणाऱ्या प्रत्येक बॉटला तो मिळतो.

यादीत बदलाची तारीख खरी ठेवा. रोज उगाच तारीख पुढे ढकलली तर गूगल त्या तारखेवर विश्वास ठेवणं सोडतं. 'हे पान जास्त महत्त्वाचं' असं सांगणारा एक रकाना यादीत असतो, त्याकडे गूगल बघतच नाही. त्यात वेळ घालवू नका.

आणि एक लक्षात ठेवा. नॉमिनल रोलवर नाव आहे म्हणजे जवान परेडला हजर आहे असं नाही. साइटमॅप म्हणजे सूचना, हमी नव्हे.

बिंगसाठी वेगळं 'वेबमास्टर टूल्स' आहे. गूगलचं खातं असेल तर तिथली माहिती थेट तिकडे आणता येते. 2021 मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि यांडेक्स यांनी 'इंडेक्सनाऊ' ही सोय काढली. पान बदललं की साइटच बिंगला निरोप पाठवते. गूगल मात्र ती वापरत नाही, त्यामुळे तिथे साइटमॅप हवाच.

टिक काढली, तरी 22 पैकी 7

टिक काढून, साइटमॅप देऊन मी तीन आठवडे थांबलो. सर्च कन्सोलमध्ये पाहिलं तर 22 पैकी फक्त 7 पानं सूचीत होती. उरलेल्या 15 पानांपुढे दोन वेगवेगळे शेरे होते. 9 पानांवर 'शोध लागला, पण अजून सूचीत नाही'. म्हणजे पत्ता कळला, बॉट अजून आलाच नाही. 6 पानांवर 'वाचलं, पण सूचीत नाही'. म्हणजे येऊन गेला, पण ठेवून घेतलं नाही. दोन्ही शेरे सारखेच वाटतात, पण आजार वेगळे आहेत.

आधी ती 9 पानं. भाचीने विचारलं, "मामा, पहिल्या पानावरून या पानांकडे जायचं कसं?" मी म्हटलं, "वरच्या मेनूमधून." तो मेनू एका हौशी पोराने करून दिला होता. दिसायला छान, बोटाने दाबलं की पान उघडायचं. पण आत खरी लिंक नव्हती, दाबल्यावर जावास्क्रिप्टने पान बदलायचं. बॉट बटणं दाबत नाही. तो पत्ता लिहिलेली साधी लिंक शोधतो. म्हणजे ती 9 पानं अनाथ होती. यादीत नाव होतं, पण साइटवरच्या एकाही पानावरून त्यांच्याकडे वाट नव्हती. ज्या पानाला घरचेच विचारत नाहीत, ते महत्त्वाचं असेल असं गूगलने तरी का मानावं?

आम्ही मेनू साधा केला. शिवाय लेखातच वाटा दिल्या. कौटुंबिक पेन्शनच्या पानावर जिथे जीवन प्रमाणाचा उल्लेख आला, तिथे त्या पानाची लिंक. लिंकेचे शब्दही नीट लिहिले. 'इथे दाबा' असं न लिहिता 'जीवन प्रमाण घरबसल्या कसं द्यायचं' असं. माणसालाही कळतं आणि बॉटलाही.

ही शिस्त बघायची असेल तर आपला मराठी विश्वकोश बघा. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी वाईत उभं केलेलं ते काम आज शासनाच्या संकेतस्थळावर आहे आणि तिथे नोंदीगणिक स्वतंत्र पान आहे. जाडजूड खंडाची एकच फाइल टाकली असती तर एका नोंदीसाठी अख्खा खंड उघडावा लागला असता. एका विषयाला एक पान आणि त्या पानाला स्वतःचा पत्ता, हे सूत्र आपल्या 22 पानांच्या साइटलाही लागू आहे.

वाचून गेला, पण ठेवलं नाही

आता ती 6 पानं. त्यांतली तीन म्हणजे टाइप केलेल्या कागदांचे फोटो होते. आपल्या डोळ्यांना अक्षरं दिसतात, पण पानावर मजकूर म्हणून काहीच नव्हतं. गूगल काही चित्रांतली अक्षरं ओळखतं, पण त्यावर विसंबू नये. मी तीनही पानं रात्री बसून पुन्हा टाइप केली.

इथे मराठी माणसाने खास सांभाळायची एक गोष्ट आहे. आपल्या मंडळांचे जुने अंक, स्मरणिका, पत्रकं युनिकोडपूर्व फॉन्टांत टाइप झालेली असतात. कृतिदेव, श्रीलिपी, शिवाजी वगैरे. पडद्यावर देवनागरी दिसतं, पण आत संगणकाने रोमन अक्षरं आणि चिन्हंच साठवलेली असतात. फॉन्ट त्यांच्यावर मराठी मुखवटा चढवतो. बॉट मुखवटा बघत नाही, आतलं वाचतो, आणि त्याला 'पेन्शन' हा शब्द सापडत नाही. एके काळी आपल्या कितीतरी मराठी वर्तमानपत्रांच्या साइटी अशाच फॉन्टांत होत्या आणि तो मजकूर शोधात येत नसे. तपासायची सोपी रीत सांगतो. चार ओळी कॉपी करून नोटपॅडमध्ये टाका. मराठीच राहिली तर ठीक. इंग्रजी अक्षरांची खिचडी झाली तर मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या.

उरलेली तीन पानं दोन-दोन ओळींची होती. 'फॉर्म अमुक ठिकाणी मिळेल' एवढंच. त्यात ठेवण्यासारखं काही नव्हतंच, गूगलचं बरोबर होतं. तिघांचा मजकूर एकत्र करून एक भरीव पान केलं, म्हणजे एकूण पानं 20 झाली. जे दोन पत्ते बंद झाले, ते '301' नावाच्या कायमच्या बदलीने नव्या पानाकडे वळवले. घर बदललं की पोस्टात नवा पत्ता देऊन ठेवतो, तसंच. हे केलं नाही तर जुन्या पत्त्यावर आलेला माणूस 'पान सापडलं नाही' एवढंच वाचून परत जातो.

सहा आठवड्यांनी 20 पैकी 19 पानं सूचीत होती.

आणखी चार गोष्टी

मोबाइलवर पान नीट उघडतं का ते बघा. गूगल आता मोबाइलवर दिसणारं पानच प्रमाण धरतं. संगणकावर असलेला मजकूर मोबाइलवर गाळला असेल तर त्याच्या लेखी तो नाहीच.

पत्ता मराठीत ठेवला तरी चालतो. फक्त तो कॉपी केला की लांबलचक होतो. देवनागरीचं एक अक्षरचिन्ह पत्त्यात नऊ खुणांचं होतं, त्यामुळे 'घमापुर' एवढा शब्द 54 खुणांचा बनतो. गूगलला अडचण नाही, पण व्हॉट्सअॅपवर पाठवताना तो तुटू शकतो. मी पत्ते छोट्या रोमन अक्षरांत ठेवले आणि मजकूर मराठीत.

शब्द लोकांचे वापरा. मी सगळीकडे 'निवृत्तिवेतन' लिहिलं होतं. त्या ताईंनी मोबाइलला विचारलं होतं 'पेन्शन बंद झाली'. आता मी दोन्ही शब्द सहज येतील तिथे लिहितो.

नवं किंवा बदललेलं पान लवकर पोचवायचं असेल तर सर्च कन्सोलमध्ये वरच्या पट्टीत त्याचा पत्ता टाका आणि सूचीसाठी विनंती करा. एकदाच करा. तीच विनंती दहादा केल्याने काम दहापट लवकर होत नाही. काही दिवस ते काही आठवडे लागतात, तेवढा धीर धरावा लागतो.

आणि एक इशारा. साइट केली की फोन यायला लागतात, "सर, गूगलवर नोंदणी करून देतो, पहिला नंबर देतो, एवढे हजार भरा." क्रॉल करायला किंवा सूचीत घ्यायला गूगल पैसे घेत नाही आणि पहिल्या नंबरची हमी कुणीच देऊ शकत नाही. जाणकाराला त्याच्या कष्टाचे पैसे जरूर द्या, पण हमीचे देऊ नका. त्या ताईंचे तीन हजार असेच गेले होते.

आज रात्री करायचं काम

गूगलमध्ये इंग्रजीत 'साइट', मग दोन टिंबं आणि त्याला चिकटून तुमचा पत्ता टाका. जी पानं दिसतील ती ढोबळ हजेरी समजा. काहीच दिसलं नाही तर आधी नोइंडेक्स, मग रोबोट्सची फाइल, मग साइटमॅप, मग आतल्या लिंका, आणि शेवटी मजकूर. हाच क्रम ठेवा.

त्या ताईंची पेन्शन पुढे सुरू झाली, थकबाकीसकट. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातल्या लोकांनी त्यांना व्यवस्थित मदत केली, त्यात माझ्या साइटचा काही वाटा नव्हता. पण यंदाच्या नोव्हेंबरात लातूरहून एका मुलाचा फोन आला. आईचं जीवन प्रमाण त्याने घरीच भरलं होतं, फक्त एका रकान्याची शंका होती. मी विचारलं, "बाळा, माझा नंबर कुणी दिला?" तो म्हणाला, "कुणी नाही आजोबा, गूगलवर तुमचं पान आलं."

पुढच्या भागात पानाचं शीर्षक आणि त्याखालचं दोन ओळींचं वर्णन कसं लिहायचं ते पाहू. तोवर आपापली हजेरी घेऊन ठेवा. जय हिंद.